सतरा नंबरची चिठ्ठी

ता. ३, सोमवार

सगळ्यांच्या आधी आली ती धाकटी जाऊ. एक चप्पल पायात, एक हातात, कारण पट्टा वाटेत तुटला. तिच्या मागून चौदा नंबरवाली, आणि मग पाच-सहा जणी एकदम. दारात चपलांचा ढीग. मी म्हटलं, अगं झालं काय, कोणी गेलं की काय? तर जाऊ म्हणते, “गेलं नाही, आलं! नवा माल आलाय, जाऊबाई. त्या वासाने माझा जीव घाबरा झाला आणि घड्याळ्या म्हणतो, नाकं मुरडू नका, हात चालवा.”

घड्याळ्या म्हणजे आमचा मुकादम. त्याला कोणी वेळ सांगितली तरी तो आपलं मनगट बघून खात्री करतो. लग्नातही बघत होता म्हणे, आणि तेव्हापासून बायको त्याच्याशी वेळेपुरतंच बोलते.

मी आज शेडवर नव्हते. नवा चष्मा आणायला गेले होते. काय तो चष्मा! भिंतीवरची मुंगी दिसते आणि तिच्या तोंडातला दाणाही. नात म्हणाली, “आजी, आता निमित्त संपलं. ही वही घे आणि रोज लिही.” मी दोन इयत्ता शिकलेली बाई. तिसरीत गेले तेव्हा धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी बसवलं. तो भाऊ आता टक्कल पडून सासरा झाला आणि माझी तिसरी आज सुरू होते आहे.

ता. ४, मंगळवार

माल पाहिला. आधी हे लिहून ठेवते की मी एक्केचाळीस वर्षं तंबाखूचं पान निवडते आहे. रंग, जाडी, शीर, भोकं, सगळं बोटांना कळतं. चांगलं पान बोटाला चिकटतं, संध्याकाळी हात धुताना काळा डिंक निघतो. हे नवं पान चिकटतच नाही. वर पांढुरकी भुकटी, वास गोडसर आणि त्याच्या आत रॉकेल. पिकावर किडीचं औषध मारतात ते ठाऊक आहे, पण मारायचा आणि पान तोडायचा यात दिवस जावे लागतात. इथे सकाळी मारलं आणि दुपारी तोडलं असणार. औषध प्यायलेला किडाच सापडला मला एका पानात, झोपल्यासारखा.

संध्याकाळी डोकं ठणकलं. नवा चष्मा, दुसरं काय. चष्मेवाल्याने सांगितलंच होतं, सवय व्हायला वेळ लागेल.

ता. ६, गुरुवार

डोकं दुखतंय. बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी. चष्म्याचा नंबर फार जोरदार दिसतो.

जाऊला तर उलटी झाली. तिने चष्मा लावलेला नाही, पण ती लग्न होऊन आल्यापासून माझं बघून सगळं करते.

ता. ७, शुक्रवार

आज मुकादमाशी जुंपली. आमच्या शेडची रीत अशी की गाठ दाबायच्या आधी निवडणारीने आपल्या नंबरची चिठ्ठी पानांच्या थरात ठेवायची. मग दाबयंत्र खाली येतं आणि चिठ्ठी आत बंद होते. ती उघडते थेट घेणाऱ्याकडे. माझा सतरा. माझं नाव कोणाला माहीत नाही, पण सतरा नंबर निघाला की घेणारे पुढची पानं उलटून बघत नाहीत, असं गाड्या भरणारे सांगतात. मी कधी कुठे गेले नाही, पण माझा सतरा बोटीत बसून समुद्रापलीकडे जाऊन आला.

मी म्हटलं, “पानं निवडते, पण चिठ्ठी टाकत नाही. या पानावर औषध आहे.”

मुकादम हसला. “आजी, हे काय भाजी म्हणून खाणार आहेत लोक? जाळणार आहेत. जाळल्यावर काय राहतं? राख! एवढ्या आगीत औषधाचा बाप टिकेल का?”

बाकीच्या जणी माझ्याकडे बघत होत्या. घरी येईपर्यंत दहा उत्तरं सुचली, पण ती सगळी त्याच्या नाकाबद्दल होती.

चिठ्ठी मात्र टाकली नाही. चिठ्ठी नाही तर दाबयंत्र नाही, हा शेडचाच नियम. पानांचे ढीग तसेच उभे.

ता. ९, रविवार

डोकं दुखलं नाही. सुट्टीला चष्मा काढून ठेवते म्हणून.

नात आली. ती प्रयोगशाळेत कामाला आहे, पांढरा कोट घालते, आणि त्या कोटात ती अशी दिसते की मी दोनदा दृष्ट काढली. तिला मुकादमाचं बोलणं सांगितलं. म्हटलं, खरं सांग, जाळल्यावर राहतं का काही? ती म्हणाली, “आजी, हे तोंडाने ठरत नाही. आमच्याकडे सिगारेट ओढणारं यंत्र आहे. तू पानं आणून दे, मोठ्या बाईंना मी विचारते.”

मग म्हणाली, “वही वाचू का?” मी म्हटलं, वाच, पण मुकादमाबद्दल लिहिलंय ते मनात ठेव. वाचता वाचता तिने पेन काढून काही दिवसांपुढे लाल टिंब दिलं. सगळ्या नाही. आमच्या शाळेत बाई चांगल्या अक्षराला असंच टिंब द्यायच्या. मला अजून शाबासकी आवडते, खोटं कशाला बोलू?

जाताना म्हणाली, “कुठे काय दुखतं तेही रोज लिही हं, एक दिवस चुकवू नको.” माझी आईसुद्धा मला एवढं विचारत नव्हती.

ता. १०, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा पानं काढून पदराखाली घातली. चोरी नाही, पुरावा आहे. उद्या जाऊ नातीकडे पोचवेल. तोवर किडे लागू नयेत म्हणून चांगली जपून ठेवली आहेत.

डोकं आहेच.

ता. १३, गुरुवार

आज तोंड लपवायला जागा नाही. प्रयोगशाळेतून निकाल आला. माझ्या पानांच्या धुरात सगळ्यात जास्त काय सापडलं? डांबरगोळी! नातीचा फोन. हसावं की रडावं अशा आवाजात म्हणते, “आजी, पानं कुठे ठेवली होतीस?”

“ट्रंकेत. साड्यांमध्ये. जिथे मी जपून ठेवायचं ते सगळं ठेवते.”

“आणि ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत.”

“मग काय, किडे लागू देऊ?”

एका रात्रीत पानांनी सगळा वास ओढून घेतला. तंबाखूचं पान म्हणजे माझी जाऊ, शेजारी जे असेल ते उचलतं. मोठ्या बाई रागावल्या नाहीत म्हणे, पण यंत्र धुवायला नातीला दोन दिवस लागणार आहेत.

ही बातमी शेडवर कशी पोचली देव जाणे. (जाऊ जाणे.) मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “ऐकलं का, आजींच्या साड्या आता सिगारेटीत भरणार आहेत.” सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण बोलणं चांगलं होतं. मग म्हटलं, “हसा. पण एक कळलं ना? गोळी नुसती शेजारी होती, तरी जाळल्यावर धुरात सापडली. राख झाली नाही तिची.”

तेव्हा मात्र त्याने घड्याळ बघितलं.

ता. १५, शनिवार

आज प्रयोगशाळा पाहिली! नवी पानं मीच घेऊन गेले. नातीने शिकवलं होतं तसं, हात न लावता, चिमट्याने, चकचकीत कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, आणि तीन जणींच्या सह्या. चौदा नंबरवालीने सही करताना जीभ बाहेर काढली होती, एवढं मन लावून केली.

ते यंत्र! वीस तोंडं आहेत त्याला, एका ओळीत. प्रत्येकात एक सिगारेट. मिनिटाला एकच झुरका, तोही दोन सेकंदांचा, मग वाट बघत बसतं. आमच्या ह्यांना एवढा धीर असता तर! हे एक विझायच्या आत दुसरी पेटवायचे आणि म्हणायचे, धुराने अंगातले किडे मरतात.

धूर जातो एका पांढऱ्या चकतीतून, बशीच्या आतल्या गोलाएवढ्या. बघता बघता ती चकती पिवळी, मग तपकिरी. ती काढून धुतात आणि धुतलेल्या पाण्यात काय काय आहे ते दुसरं यंत्र वाचतं. मी म्हटलं, “वाचतं? कितवी शिकलंय?” पांढऱ्या कोटातल्या सगळ्या हसल्या. मोठ्या बाईंनी स्वतः खुर्ची दिली.

त्या चकतीकडे बघत बसले बराच वेळ. ह्यांच्या छातीत अशा किती चकत्या झाल्या असतील. आणि हे कुठली सिगारेट ओढायचे? आमच्याच शेडच्या पानाची. कोण जाणे, माझ्याच सतरा नंबरची.

असो. आज शनिवार अर्धाच दिवस होता, डोकं कमी दुखलं.

ता. १९, बुधवार

निकाल आला. नात घरी येऊन समजावून गेली. मी समजले ते लिहिते, चुकलं तर तिचं नाही, माझं.

पानावर औषध दहा भाग होतं असं धरायचं. सिगारेट पेटली की टोकाच्या निखाऱ्यात सात भाग खरंच जळून गेले. इथपर्यंत मुकादम बरोबर, त्याला मी त्याचं देते. पण निखाऱ्याच्या मागे एक करंगळीच्या नखाएवढी जागा असते. तिथे पान जळत नाही, नुसतं भाजतं. तिथलं औषध आग पोचायच्या आधीच वाफ होऊन धुरात बसून पळतं, घराला आग लागल्यावर मागच्या दाराने पळावं तसं. असा एक भाग जसाच्या तसा ओढणाऱ्याच्या छातीत. एक भाग थोटकात अडकला. आणि उरलेला एक भाग मोडून दुसरंच काहीतरी झाला. काय झाला, ते त्या वाचणाऱ्या यंत्रालाही सगळं सांगता आलं नाही.

नात म्हणाली, “आजी, हे एका औषधाचं, तेही तुझ्या एवढ्याच पानांचं. दुसरं औषध असतं तर हिशेब वेगळा आला असता. कुठलं जास्त जळतं, कुठलं जास्त पळतं.”

मी म्हटलं, “आणि मोडलं ते? मोडलं म्हणजे संपलं ना?”

“तेच तर कोणाला नीट माहीत नाही. कधी मोडलेलं बरं असतं, कधी मुळापेक्षा वाईट.”

हे मला लगेच पटलं. अख्खी बांगडी हातात छान दिसते. फुटली की हातातून जाते खरी, पण पायात शिरते. मोडलं म्हणजे संपलं नाही.

मग वही घेऊन तिने आणखी लाल टिंबं दिली. आता चार झाली. माझं अक्षर सुधारतंय.

ता. २०, गुरुवार

शेडवर गेले आणि सगळं सांगितलं. सात, एक, एक, एक. बांगडीसकट. मुकादम म्हणाला, “दहातला एक! एवढ्यासाठी तुम्ही माझा माल अडवला?”

“तुमच्या दहा पोळ्यांतल्या एकीला औषध लावलं तर जेवाल?”

“आजी, सतरा टाकता की नाही?”

“नाही.”

“मग सोमवारपासून येऊ नका.”

एक्केचाळीस वर्षं, आणि एवढ्याशा वाक्यात संपली. माझ्या टेबलाच्या खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, सगळे सतरा, आणि पदरात बांधला. म्हटलं, “शेड तुमची. नंबर माझा.”

दारापर्यंत गेले तर मागून जाऊचा आवाज. बारीकच, पण आवाज. “मुकादम, माझाही तेवीस नाही पडणार.” जन्मात ही बाई कोणाला उलटून बोलली नाही. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा मी सांगायची. मी वळून बघितलं तर तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि हात कमरेवर.

मुकादम म्हणाला, “तुम्हीही येऊ नका.” त्यावर ती म्हणते, “आज माझी चप्पल शिवून आली आहे. बरी जाईन.”

वाटेत तिने मला घट्ट धरलं होतं. म्हणाली, “जाऊबाई, मी काय बोलले हो?”

ता. २३, रविवार

काही झालं नाही. पडदे धुतले.

ता. २५, मंगळवार

चौदा नंबरवाली सांगून गेली की मुकादमाने नियम मोडून चिठ्ठीशिवायच गाठी दाबल्या आणि गाडी रवाना केली. गाडी गेली म्हणजे गेलीच. मला वाईट वाटलं. घरी बसून हात शिवशिवतात. भाजीची जुडी आणली तर तिचीही प्रतवारी करून ठेवली, मोठी पानं, मधली, फाटकी. नातीला म्हटलं, मी अडवलं काय आणि न अडवलं काय, धूर व्हायचा तो होणारच.

ती म्हणाली, “थांब जरा.” आजकालच्या मुली फार थोडं बोलतात.

ता. २८, शुक्रवार

केवढा दिवस! सावकाश लिहिते, नाहीतर शेवट आधी लिहीन.

सकाळी दहाला जाऊ धावत आली. (दोन्ही चपला पायात.) “जाऊबाई, घेणारे आलेत! एक टायवाला आणि एक बाई, डॉक्टर आहे म्हणे. विचारतायत, सतरा कुठे आहे? पंधरा वर्षांत पहिल्यांदा गाठीत सतरा निघाला नाही, म्हणून माल उतरवूनच घेतला नाही त्यांनी!”

ऐकलंत का! मी तीन आठवडे घसा कोरडा केला ते कोणी ऐकलं नाही, आणि न टाकलेली चिठ्ठी एवढी मोठ्याने बोलली.

लुगडं बदलायलाही थांबले नाही. फक्त स्वयंपाकघरातून एक सुकी लाल मिरची घेतली आणि चिठ्ठ्यांच्या गाठीशेजारी पदरात बांधली.

शेडवर मुकादम दोघांना समजावत होता, “म्हातारी आहे, वयाने भ्रम होतो. तिच्या ट्रंकेतल्या गोळ्यांचा किस्सा सांगू का?” मी म्हटलं, “तो मी सांगते, मला जास्त रंगवता येतो.” आणि सांगितला. सगळा. डॉक्टरबाई एवढी हसली की टायवालाही हसला. मग नातीने दिलेला निकालाचा कागद त्यांच्या हातात ठेवला, तीन सह्यांसकट.

टायवाल्याने वाचला. म्हणाला, “बाई, पण बहुतेक सगळं जळून जातं असं यातच लिहिलंय.”

“जातं ना. थांबा.”

कोपऱ्यात चहाची शेगडी असते, तिच्यावर तवा तापत होता. त्यावर मिरची ठेवली. मिरची फुगली, काळी पडली. मी म्हटलं, “बघा, जळाली. आता हिच्यात तिखट राहिलं का?”

टायवाला उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच त्याला ठसका लागला. मग डॉक्टरबाईला. मग शेडभर सगळ्या जणी खॉक खॉक, शिंका, नाकाला पदर. मुकादम सगळ्यात आधी बाहेर पळाला आणि पहिल्यांदाच घड्याळ न बघता. मी तव्यापाशी उभी राहिले. डोळ्यांतून धारा, पण उभी. एक्केचाळीस वर्षं धूर विकून खाल्लं आहे, एवढा ठसका मी देणं लागते.

बाहेर मोकळ्यावर टायवाला रुमालाने डोळे पुसत म्हणाला, “समजलं.”

“जळालेली मिरची तव्यावर,” मी म्हटलं. “तिखट तुमच्या छातीत.”

मग डॉक्टरबाईने मला बाजूला बसवलं. माझ्या बोटांची टोकं दाबून बघितली, डोळ्यांत विजेरी मारली, जाऊलाही तपासलं. सगळ्या जणींना विचारलं, कुणाला मळमळ, कुणाला मुंग्या. मी म्हटलं, माझं काही नाही, नव्या चष्म्याने डोकं दुखायचं एवढंच. ती म्हणाली, “कधी कधी दुखायचं, ते आठवतं का?” मी म्हटलं, आठवायला कशाला हवं, वहीत आहे. तशी ती एकदम सरळ बसली. “रोजचं लिहिलंय?”

ठरलं असं. ते दोघं आपली खोकी घेऊन परत येणार, प्रत्येक ढिगातून स्वतः पानं काढणार आणि आपल्या यंत्रात ओढून बघणार. तोवर दाबयंत्राला कुलूप. आणि निवडताना मी बसायचं, सतरा नंबरने, कुठलं पान काढायचं ते दाखवायला. मुकादमाने मान हलवली. खोकत होता, त्यामुळे हो की नाही ते कळलं नाही, पण टायवाल्याने ते हो धरलं.

ता. २९, शनिवार

सकाळी नात आली. म्हणाली, “आजी, डॉक्टरबाईंना तुझी वही दाखवायची आहे. चालेल?”

मी म्हटलं, “चालेल की. पण हिच्यात मुकादमाचं लग्न आहे, जाऊची उलटी आहे, तुझे आजोबा आहेत.”

“खोडायचं असेल ते खोड.”

बसले खोडायला. पहिल्या पानापासून वाचलं. एकही ओळ खोडावीशी वाटली नाही. सगळी खरी आहे. फक्त मुकादमाच्या नाकाची दहा उत्तरं लिहायची राहिली याचं वाईट वाटलं.

लाल टिंबं बघत होते. आधी वाटलं, अक्षर जिथे सुबक तिथे टिंब. पण सहा तारखेचं अक्षर तर कोंबडीच्या पायासारखं आहे, तिथेही टिंब. आणि पडदे धुतले त्या दिवशी किती टपोरं लिहिलं होतं, तिथे नाही. वीस तारखेनंतर एकही नाही. नातीला विचारलं, आता माझ्यावर रुसलीस का? तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, बोटांची टोकं आपल्या गालाला लावली. रडवेली दिसली. एवढ्याशा टिंबांचं मी वाईट वाटून घेतलं असं तिला वाटलं असेल, म्हणून मीच तिला समजावलं.

डोकं गेले आठ दिवस गप्प आहे. चष्मा तोच, रोज लावते, झोपेपर्यंत. नवलच म्हणायचं. हेही डॉक्टरबाईला विचारीन.

जाऊने तिच्या तेवीसच्या चिठ्ठ्यांना इस्त्री केली आहे. मी पदराची गाठ सोडली नाही. स्वयंपाकघरातून आणखी दोन मिरच्या काढून ठेवल्या आहेत, न जाणो कोणी विसरलं असेल तर.

येणार आहेत सोमवारी, ३१ तारखेला, सकाळी अकरा वाजता. टायवाला आणि डॉक्टरबाई, दोघंही.